बिनकंपनीची क्वाड बाइक मुलांसाठी घ्यावी का?

पुण्याच्या उपनगरांत मुलांसाठीच्या पेट्रोलवर चालणाऱ्या क्वाड बाइक आता सायकलींच्या आणि खेळण्यांच्या दुकानांच्या दारातही उभ्या दिसतात. चार जाड टायर, लाल किंवा हिरव्या प्लास्टिकचे मडगार्ड, पुढे लोखंडी नळीचा बंपर आणि अंगावर चिकटवलेले एखादे भडक इंग्रजी नाव, असे त्यांचे रूप असते. मी जिथे भाव विचारला, तिथे ४९ सीसीची छोटी गाडी चाळीस ते पन्नास हजारांना आणि ११० किंवा १२५ सीसीची मोठी गाडी नव्वद हजार ते सव्वा लाखाला सांगितली गेली. नावाजलेल्या कंपनीची मुलांची क्वाड बाइक याहून खूपच महाग पडते. मुळशी, पानशेत, खेड शिवापूर किंवा सासवडच्या बाजूला ज्यांनी प्लॉट घेऊन घर बांधले आहे, त्यांच्याकडे मुलाच्या वाढदिवसाला अशी गाडी आणण्याचा बेत हल्ली वरचेवर निघतो. माझ्या थोरल्या बहिणीकडे तो निघाला, भावोजींनी ११० सीसीची गाडी आणलीही, आणि चाकणला दुचाकींच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी बरीच वर्षे काम केलेले असल्यामुळे भाच्याच्या हाती देण्यापूर्वी ती तपासण्याचे काम माझ्याकडे आले. ती गाडी मी उघडून पाहिली, पुन्हा जुळवली आणि चालवली; त्याच दुकानातली ४९ सीसीची गाडीही बारकाईने पाहिली. पुढील परीक्षण या दोन गाड्यांवर आधारलेले आहे.

माझे मत आधीच सांगते. ४९ सीसीची टू-स्ट्रोक गाडी कोणत्याही मुलासाठी, कोणत्याही किमतीला घेऊ नये. ११० सीसीची फोर-स्ट्रोक गाडी अगदी टाकाऊ नाही. परंतु ज्यांच्याकडे कुंपण घातलेली स्वतःची जमीन आहे, ज्यांच्या माहितीत हाताने काम करणारा भरवशाचा मिस्त्री आहे, ज्यांचे मूल निदान बारा वर्षांचे आणि अंगापिंडाने धट्टेकट्टे आहे आणि गाडी आल्यानंतर ब्रेकपासून शेवटच्या नटापर्यंत सर्व काही पुन्हा जुळवून घेण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनीच तिचा विचार करावा. या अटी पुऱ्या करायला जो पैसा आणि वेळ लागतो, तो मोजला की ती स्वस्त राहत नाही. बाकीच्यांनी, म्हणजे पुण्यात सोसायटीत राहणाऱ्या जवळजवळ सगळ्यांनी, या फंदात पडू नये.

इंजिनापासून सुरुवात करते, कारण या गाडीतला सर्वांत चांगला भाग तोच आहे. आडव्या सिलिंडरचे, हवेने थंड होणारे हे इंजिन होंडाने १९५८ मध्ये बाजारात आणलेल्या सुपर कबच्या घराण्यातले आहे. चीनमधल्या कारखान्यांनी या रचनेच्या नकला इतकी वर्षे आणि इतक्या मोठ्या संख्येने काढल्या आहेत की तिच्यातले बहुतेक कच्चे दुवे एव्हाना निघून गेले आहेत. आपल्याकडची हीरो होंडा सीडी १०० आणि तिच्या मागून आलेली स्प्लेंडर यांची इंजिनेही याच वंशातली, त्यामुळे पुण्यात गाड्यांच्या सुट्या भागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या नाना पेठेतल्या जुन्या मिस्त्रीला हे इंजिन पाहताक्षणी ओळखीचे वाटते. बहिणीची गाडी चोक ओढताच सुरू झाली, आवाज एकसारखा होता, तेल कुठेही गळत नव्हते आणि रिव्हर्स गिअर व्यवस्थित पडत होता. कारखान्यातून भरून आलेले इंजिन ऑइल मात्र मी पहिल्या थोड्या चालवण्यानंतर लगेच काढले, तेव्हा त्यात धातूची बारीक चमक दिसत होती. नव्या इंजिनात थोडी झीज होणारच. ते तेल तसेच ठेवून महिनोन्महिने गाडी चालवणे चुकीचे आहे, आणि विकणारा हे सांगत नाही.

इंजिन सोडून बाकीच्या गाडीकडे वळले की चित्र पालटते. पुढच्या दोन चाकांना ड्रम ब्रेक आणि मागच्या ॲक्सलवर एक डिस्क, अशी या गाडीची व्यवस्था आहे. कागदावर ती पुरेशी वाटते. प्रत्यक्षात पुढच्या दोन्ही ड्रमच्या केबल एकाच लिव्हरला जोडलेल्या होत्या आणि त्यांतली डावी ताणलेली, उजवी सैल होती. परिणामी लिव्हर दाबला की डावे चाक आधी धरत असे आणि हँडल डावीकडे ओढले जात असे. ड्रम उघडले तेव्हा लायनरचा, म्हणजे घासून चाक थांबवणाऱ्या अस्तराचा, फक्त कडेचा भाग ड्रमला टेकत असल्याचे दिसले, म्हणजे जेवढा ब्रेक लागायला हवा त्याच्या मानाने थोडाच लागत होता. मागच्या डिस्कच्या ऑइलमध्ये हवा राहिलेली होती, त्यामुळे लिव्हर हँडलच्या मुठीपर्यंत आला तरी चाक पूर्ण थांबत नव्हते. पार्किंग ब्रेकसाठी लिव्हरवर जी खिट्टी दिली आहे, ती थोड्या उतारावर गाडी उभी केली की आपोआप सुटत होती. आणि हे सगळे दुरुस्त केल्यानंतरही एक दोष उरलाच, तो म्हणजे लिव्हर आणि मूठ यांच्यातले अंतर. मोठ्या माणसाच्या हातासाठी केलेला लिव्हर लहान मुलांच्या गाडीवर जसाच्या तसा बसवलेला आहे, तो जवळ आणण्यासाठी स्क्रू नाही, आणि दहा वर्षांच्या मुलाची बोटे त्याच्यावर फक्त टोकाने पोहोचतात. टोकाने धरलेल्या लिव्हरवर जोर येत नाही. ब्रेकच्या कामात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण मुलांच्या गाडीच्या बाबतीत हा एकच दोष मला ती परत करण्यास पुरेसा वाटतो.

वेल्डिंग पाहण्यासाठी मी पुढच्या चाकांना धरणारे दोन्ही बाजूंचे आर्म काढून त्यांवरचा रंग खरवडला. काही सांधे चांगले होते. काही ठिकाणी मात्र वेल्डिंगची रेघ सांध्याच्या एकाच बाजूला मारलेली होती आणि दुसऱ्या बाजूला रंगाचा जाड थर देऊन फट झाकलेली होती. खड्ड्यात चाक आपटते तेव्हा सगळा हिसका याच सांध्यावर येतो. पुढची दोन्ही चाके किंचित बाहेरच्या दिशेला तोंड करून होती, त्यामुळे सरळ जातानाही हँडल एका जागी राहत नव्हते; हे चाके वळवणारा दांडा, म्हणजे टायरॉड, फिरवून ठीक करता येते, पण त्यासाठी ते कोणाच्या तरी लक्षात यावे लागते. चाकाच्या एका मोठ्या नटात कॉटर पिन घातलेलीच नव्हती. ती पिन नसेल तर नट हळूहळू सैल होतो आणि एके दिवशी चालत्या गाडीचे चाक निखळते.

हे असे का होते, याचे उत्तर या गाड्या येतात कशा यात आहे. त्या लोखंडी चौकटीच्या खोक्यात अर्धवट जुळवलेल्या येतात. चाके, हँडल, बंपर, बॅटरी हे सर्व बाहेर काढलेले असते. शेवटची जोडणी दुकानात होते, आणि ती करणाऱ्या मुलाच्या हातात बहुधा एक पाना आणि एक पक्कड एवढेच असते. कोणता नट किती आवळायचा याचा कागद नसतो, असला तर तो त्याला वाचता येईल अशा भाषेत नसतो. म्हणून एकाच खेपेत आलेल्या दोन गाड्यांचा अनुभव अगदी वेगळा येऊ शकतो, आणि शेजाऱ्याची गाडी चांगली चालते हा आपली गाडी घेण्याचा आधार होऊ शकत नाही.

टायरांतल्या हवेबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण पुण्यात याबाबत हटकून घोटाळा होतो. क्वाड बाइकचे टायर फार कमी दाबाचे असतात. टायरच्या कडेवर छापलेला आकडा साधारणपणे पाच पीएसआयच्या आतबाहेर असतो. पेट्रोल पंपावरचे हवेचे यंत्र इतक्या कमी दाबासाठी नसते आणि तिथल्या माणसाला स्कूटरच्या टायरची सवय असते, त्यामुळे तो सहज वीस-पंचवीस पीएसआय हवा भरून देतो. टणक झालेला तो टायर दगडावरून गाडीला चेंडूसारखा उडवतो आणि वळणावर चाक जमिनीवरून उचलले जाते. त्यासाठी कमी दाब दाखवणारा वेगळा गेज आणि सायकलचा पंप घरी ठेवावा लागतो. गाडीसोबत तो मिळत नाही.

आता या गाडीच्या स्वभावाकडे येते, कारण तो न समजल्यामुळेच बहुतेक पालक तिला चार चाकांची, म्हणून सुरक्षित, गाडी समजतात. मोटारीच्या मागच्या चाकांमध्ये डिफरन्शियल असते, त्यामुळे वळताना आतले चाक सावकाश आणि बाहेरचे वेगाने फिरू शकते. या क्वाडमध्ये दोन्ही मागची चाके एकाच सरळ ॲक्सलवर घट्ट बसवलेली असतात आणि ती कायम सारख्याच वेगाने फिरतात. मातीवर आतले चाक थोडे घसरते आणि गाडी वळते. डांबरी रस्त्यावर किंवा सोसायटीच्या सिमेंटच्या रस्त्यावर ते घसरत नाही. गाडी आधी सरळच जाऊ पाहते, मूल हँडल आणखी वळवते, आणि मग ती एकाएकी वळून आतली चाके उचलते. ती उलटू नये म्हणून चालवणाऱ्याने आपले वजन आतल्या बाजूला टाकायचे असते. साठ-सत्तर किलोच्या माणसाला ते जमते. तीस किलोच्या मुलाने आपले सगळे अंग आत झोकले तरी शंभर किलोच्या आसपासच्या गाडीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, आणि गाडी उलटली तर तेच शंभर किलो त्याच्या छातीवर येतात. सायकलवरून पडलेले मूल सायकलपासून बाजूला फेकले जाते. क्वाडवरून पडलेले मूल बऱ्याचदा तिच्याखाली सापडते. सीट लांबट असल्यामुळे मागे भावंड बसवण्याचा मोह होतो, पण ही एकट्यानेच चालवण्याची गाडी आहे; मागे दुसरे मूल बसले की वजन हलवायला जागाच राहत नाही आणि चढावर पुढची चाके उचलली जातात.

वेगाच्या बाबतीत दुकानदाराने, ‘ताई, तिसाच्या वर जातच नाही, अगदी बिनधास्त द्या,’ असे सांगितले होते. मोबाइलच्या जीपीएसवर मी तपासले तेव्हा मोकळ्या जागेत ती पंचेचाळीसच्या पुढे गेली. अंगठ्याने दाबायच्या थ्रॉटलच्या, म्हणजे वेग वाढवणाऱ्या खटक्याच्या, डबीवर एक छोटा स्क्रू असतो. तो आत फिरवला की थ्रॉटल पूर्ण उघडत नाही आणि वेग आटोक्यात राहतो. ही सोय चांगली आहे आणि ती चालतेही, पण साध्या स्क्रू-ड्रायव्हरने ती कोणालाही मागे घेता येते, आणि बारा वर्षांच्या मुलाला हे कळायला एक दुपार पुरते. मागे लाल दोरी असलेला इंजिन बंद करण्याचा स्विचही दिला आहे. दोरी पालकाने हातात धरून गाडीमागे चालायचे, म्हणजे ओढताच इंजिन थांबते. बहिणीच्या गाडीवर तो नीट चालत होता. पाहिलेल्या ४९ सीसीच्या गाडीवर दोरी होती, पण ओढल्यावर इंजिन चालूच राहिले, कारण आतली तार जोडलेली नव्हती.

त्या ४९ सीसीच्या गाडीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तिचे इंजिन दोरी ओढून सुरू करायचे, पेट्रोलमध्ये टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) ऑइल हाताने मिसळायचे. पंचविसास एक या प्रमाणात म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर. ऑइल कमी पडले की पिस्टन जाम होतो, जास्त झाले की प्लग काळा पडतो. इंजिनाचा वेग वाढला की आपोआप धरणाऱ्या सेंट्रिफ्यूगल क्लचच्या बारीक स्प्रिंगांपैकी एखादी तुटली तर इंजिन सुरू होताक्षणी गाडी पुढे उडी घेते, आणि दोरी ओढणारा माणूस त्या वेळी तिच्या बाजूला वाकलेला असतो. साखळी आणि तिचे दातेरी चाक (स्प्रॉकेट) मुलाच्या टाचेजवळ जवळजवळ उघडे असते, सायलेन्सर पोटरीच्या अंतरावर. दिसायला ती सर्वांत लहान आणि गोंडस असल्यामुळे सर्वांत लहान मुलांसाठी तीच घेतली जाते, याची मला खरोखर काळजी वाटते.

जिथे या गाड्यांचा वापर फार जुना आहे, तिथे काय नियम आहेत हे पाहणे उपयोगाचे ठरते. अमेरिकेत तीन चाकांच्या अशा गाड्यांची नवी विक्री १९८८ मध्येच थांबवली गेली, आणि २००८ च्या ग्राहक उत्पादन सुरक्षा कायद्याने चार चाकांच्या गाड्यांसाठीचे ऐच्छिक मानक बंधनकारक केले. त्यानुसार सहा वर्षांवरील मुलांच्या गाडीचा कमाल वेग ताशी १५ मैल, म्हणजे सुमारे २४ किलोमीटर, आणि मर्यादा लावलेली असताना १० मैल, म्हणजे १६ किलोमीटर असावा लागतो. दहा वर्षांवरील वर्गासाठी हेच आकडे ३० आणि १५ मैल आहेत. तिथला ग्राहक सुरक्षा आयोग चीनमधून थेट विकल्या जाणाऱ्या बिनकंपनीच्या गाड्यांविरुद्ध वारंवार इशारे देतो आणि त्यांतली कारणे मला बहिणीच्या अंगणात दिसलेल्या कारणांशी जुळतात: पार्किंग ब्रेक नसणे किंवा न टिकणे, ब्रेकची व्यवस्था अपुरी असणे, वेग वयोगटाच्या मर्यादेबाहेर असणे. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिका याहून कडक आहे. सोळा वर्षांखालील कोणत्याही मुलाने ही गाडी चालवूच नये, असे ती सांगते. ऑस्ट्रेलियात २००३ च्या अखेरीपासून ॲस्बेस्टॉसच्या, म्हणजे ज्याची धूळ श्वासातून गेल्यास कर्करोग होऊ शकतो त्या तंतूंच्या, आयातीवर पूर्ण बंदी असूनही चीनमधून आलेल्या क्वाड बाइकच्या गॅस्केटमध्ये आणि ब्रेकमध्ये ते सापडले आणि गाड्या परत मागवाव्या लागल्या. म्हणून या गाडीचे ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने किंवा तोंडाने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके फेकून द्यावे. आपल्याकडच्या गॅरेजांत धूळ उडवण्याची सवय फार पक्की आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

कायद्याच्या बाबतीत दुकानदार जे सांगतात ते बहुतेक वेळा चुकीचे असते. ‘पन्नास सीसीच्या आत आहे, लायसन्स लागत नाही,’ हे वाक्य मला ऐकवले गेले. मोटार वाहन कायदा १९८८ मधील व्याख्येत सूट आहे ती चारपेक्षा कमी चाके असलेल्या आणि २५ सीसीपर्यंतचे इंजिन असलेल्या वाहनांना. चार चाकांची ४९ सीसीची गाडी त्यात बसत नाही. याच कायद्याच्या चौथ्या कलमानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवता येत नाही; सोळा वर्षांची सवलत आहे ती ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले १९९अ हे कलम तर थेट पालकांवर येते: अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. सार्वजनिक ठिकाण म्हणजे जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा, त्यामुळे गावाकडचा पाणंद रस्ता किंवा टेकडीवरची वाटही त्यातून सुटत नाही.

‘नंतर पासिंग करून घेता येते’ या आश्वासनावरही विश्वास ठेवू नये. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या वाहनाचा नमुना आधी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. त्यांपैकी एक, एआरएआय, आपल्याच कोथरूडजवळ वेताळ टेकडीवर आहे. ज्या गाडीच्या उत्पादकाचे नावच माहीत नाही, तिचा नमुना तिथे कोण नेणार? क्वाड्रिसायकल म्हणून हलक्या चारचाकींचा जो वर्ग कायद्यात आहे, त्यात आकुर्डीच्या बजाज ऑटोची बंद केबिनची क्यूट बसते. ही उघडी गाडी त्या वर्गातली नव्हे. नोंदणी नाही म्हणून रस्त्यासाठीचा विमा नाही, आणि विमा नाही म्हणून या गाडीने दुसऱ्या कोणाला इजा झाली तर भरपाई घरातून द्यावी लागते. या गाड्यांची जागा स्वतःच्या कुंपणाच्या आत आहे, एवढे स्पष्ट समजून घ्यावे.

सुट्या भागांची स्थिती अपेक्षेपेक्षा बरी निघाली. प्लग, केबल, ब्रेक ऑइल, बॅटरी, बेअरिंग या गोष्टी नाना पेठेत मिळतात किंवा मापावरून जुळवून घेता येतात. बेअरिंगवरचा नंबर घेऊन गेले की चांगल्या कंपनीचे बेअरिंग लगेच मिळते आणि ते मूळच्यापेक्षा खात्रीचे असते. कार्बोरेटर आणि प्लगला ठिणगी देणारी सीडीआयची डबी ऑनलाइन मागवावी लागतात. साखळी मात्र ४२० मापाची आहे आणि आपल्या शंभर सीसीच्या गाड्यांना बहुधा ४२८ मापाची लागते, त्यामुळे ती शोधायला वेळ गेला. खरी अडचण प्लास्टिकची, पुढच्या आर्मची आणि स्टिअरिंगच्या भागांची आहे; त्यांचे माप प्रत्येक खेपेला बदलते, आणि आर्म वाकला तर तो सरळ करून पुन्हा वेल्डिंग करण्याखेरीज मार्ग उरत नाही. मुलाच्या गाडीचा आर्म असा दुरुस्त करून वापरायला मी तयार होणार नाही. पावसाळ्याचे चार महिने गाडी उभीच राहते, आणि हल्लीच्या वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलात ओल धरते; टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेवला नाही तर दिवाळीत गाडी बाहेर काढताना कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे बारीक जेट चोंदलेले आणि रबरी नळी मऊ पडलेली सापडते. मुळशीच्या पावसात उघड्यावर ठेवलेल्या गाडीचे नटबोल्ट एका हंगामात गंजतात, कारण त्यांवरचा मुलामा अगदी पातळ असतो.

वॉरंटीची चौकशी केली तेव्हा दुकानदाराने, ‘काही झालं तर माणूस पाठवतो की,’ असे सांगून एक साधी पावती पुढे केली. तिच्यावर गाडीचा चेसिस नंबर नव्हता, आयातदाराचे नाव नव्हते. भावोजींनी नंतर आग्रह धरून जीएसटीचे पक्के बिल घेतले, हे उत्तम केले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेची जबाबदारी ठरवताना, उत्पादक कोण हे कळत नसेल तर विक्रेत्याला जबाबदार धरता येते, आणि तक्रार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. बिल नसेल तर या तरतुदीचा उपयोग करणे फार अवघड होते.

खर्चाचा हिशेब मांडायचा तर गाडीच्या किमतीत ब्रेकचे नवे लायनर, बेअरिंग, केबल, चांगल्या प्रतीचे नटबोल्ट, मिस्त्रीची मजुरी, कमी दाबाचा गेज, त्याशिवाय मुलाच्या मापाचे आयएसआय चिन्हाचे हेल्मेट, गुडघ्या-कोपरांचे पॅड, हातमोजे आणि घोट्याच्या वर येणारे बूट धरावे लागतात. बहिणीच्या बाबतीत ही बेरीज गाडीच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या आसपास गेली, आणि माझी मजुरी तीत धरलेली नाही. एवढे करूनही ब्रेकचा लिव्हर लांबच राहिला. शेवटी दुसऱ्या छोट्या गाडीचा लिव्हर घासून बसवला, तेव्हा भाच्याची बोटे नीट पोहोचू लागली.

याच पैशात दुसरे काय मिळते, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. अमेरिकी कंपनी पोलारिसच्या आऊटलॉ मालिकेतल्या ७० सीसीच्या गाडीसाठी सहा आणि ११० सीसीच्या गाडीसाठी दहा वर्षांवरील वय कंपनीने ठरवलेले आहे आणि वेगाची मर्यादा पालकांनी लावण्याची सोय तीत आहे. ती परवडत असेल तर तुलनाच संपते, पण बहुतेकांना ती परवडणारी नाही आणि सेकंडहँड फारशी सापडत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हवी असते ती बसून फिरण्याची मजा, आणि ती बॅटरीवरच्या छोट्या गाडीत मिळते. तिचा वेग माणसाच्या चालण्याइतका असतो आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक झाल्यामुळे निदान पाहण्यासारखी एक खूण तरी असते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मातीत गाडी चालवायचीच असेल, तर लोणावळ्याच्या बाजूला सोबत माणूस देऊन त्याच्या देखरेखीखाली क्वाड चालवायला देणाऱ्या जागा आहेत. तिथेही हेल्मेट, ब्रेक आणि दोरीचा स्विच आपण स्वतः पाहून मगच मुलाला बसवावे. वर्षातून पाच-सहा वेळा तिथे नेले तरी खर्च गाडीच्या किमतीच्या जवळपासही जात नाही. आणि चांगल्या गिअरची, डिस्क ब्रेकची एक माउंटन सायकल पंधरा-वीस हजारांत येते, जी टेकडीवर, रस्त्यावर आणि शाळेतही नेता येते. मला विचाराल तर बारा वर्षांच्या मुलाच्या हाती मी आधी तीच देईन.

ज्यांच्या घरी गाडी आधीच आलेली आहे, त्यांनी ती मुलाच्या हाती देण्यापूर्वी चारही चाके काढून प्रत्येक मोठ्या नटातली कॉटर पिन पाहावी, दोन्ही बाजूंचे पुढचे ब्रेक सारखे लागतात का हे चाके उचलून, हाताने फिरवून तपासावे, आणि इंजिन चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. त्या वेळी इंजिनाचा आवाज वाढत असेल तर थ्रॉटलची केबल कुठेतरी ताणली जात आहे आणि वळणावर गाडी स्वतःहून वेग घेईल; ती केबल मोकळ्या वाटेने पुन्हा बसवल्याशिवाय गाडी सुरू करू नये. दोरीचा स्विच दर वेळी ओढून पाहावा. मूल सीटवर बसून त्याची पावले फूटरेस्टवर पूर्ण टेकत नसतील, उभे राहिल्यावर सीट आणि त्याच्यात थोडी जागा राहत नसेल किंवा बोटांची दोन पेरे लिव्हरच्या पुढे जात नसतील, तर गाडी त्याच्यासाठी मोठी आहे. एखादे वर्ष ती झाकून ठेवावी आणि बॅटरीची वायर काढून घ्यावी. गाडी विकायची ठरवली तर घेणाऱ्याला वेल्डिंगचे आणि ब्रेकचे दोष लेखी सांगून विकावी, कारण तीही कोणाच्या तरी मुलाखाली जाणार आहे. बहिणीची गाडी सध्या थ्रॉटलचा स्क्रू पूर्ण आत, त्यावर लाखेचे सील आणि दोरी भावोजींच्या हातात, अशा व्यवस्थेत कुंपणाच्या आतच फिरते.